ताशी साठला हँडल का थरथरतं?

जळगाव ते धुळे हे अंतर पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे या वाटेनं नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर पडतं. एवढ्या प्रवासात मोटरसायकलचं पुढचं चाक जवळजवळ ५० हजार वेळा फिरतं. त्यातला प्रत्येक फेरा गोल व्हावा लागतो, चाकाचं वजन चहूकडे सारखं वाटलेलं असावं लागतं आणि आस जागच्या जागी राहावा लागतो. बहुतेक वेळा हे सगळं बिनबोभाट पार पडतं, म्हणून चाकाची आपल्याला आठवणही होत नाही. आठवण होते ती नव्याकोऱ्या गाडीचं हँडल ताशी ५५-६० ला थरथरायला लागतं तेव्हा.

नवी गाडी हा खानदेशातल्या घरात साधा खर्च नसतो. कपाशीचे किंवा केळीचे पैसे हातात आले की दसऱ्या-पाडव्याचा मुहूर्त धरून ती घरी येते. हार घातला जातो, नारळ फुटतो. एमएच-१९ किंवा एमएच-१८ ची पाटी कोरी असतानाच गाडीत खोट निघाली तर माणूस हळहळणारच. गॅरेजवर जाऊन तो एवढंच सांगतो, "भाऊ, गाडी साठवर गयी का हँडल हालस." हे वाक्य ऐकायला अर्धवट वाटतं. पण त्यात निदानाचा सगळ्यात मोलाचा धागा आलेला आहे, तो म्हणजे 'साठवर'.

थरथरीला ठेका असतो. दर सेकंदाला ती किती वेळा येते हे ठरलेलं असतं, आणि गाडीच्या प्रत्येक फिरत्या भागाचा ठेका वेगळा असतो. इंजिनाचा वेगळा, चाकाचा वेगळा, रस्त्याच्या सांध्यांचा वेगळा. ठेका ओळखला की भाग ओळखता येतो. साध्या गुणाकार-भागाकारानं आणि आपल्या दोन हातांनी हे जमतं, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

सेकंदाला नऊ फेरे

आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या पुष्कळ गाड्यांना पुढं ८०/१००-१७ मापाचा टायर असतो. यातला १७ हा आकडा रिमचा व्यास इंचांत सांगतो, ८० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि १०० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शंभर टक्के. रिमचे ४३२ मिलिमीटर आणि वर-खाली टायरचे ८०-८० धरले की पूर्ण व्यास ५९२ मिलिमीटर होतो. परीघ होतो साधारण १.८६ मीटर. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी १.८६ मीटर पुढं जाते.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. भागाकार केला की उत्तर येतं ९. ताशी साठला पुढचं चाक सेकंदाला नऊ वेळा फिरतं. ताशी ४० ला सहा वेळा, ताशी ८० ला बारा वेळा. चाकात एकाच जागी खोट असेल, तर तिचा धक्का प्रत्येक फेऱ्यात एकदा बसणार. म्हणून चाकाची थरथर साठच्या वेगाला सेकंदाला नऊ ठोक्यांचीच असते.

आता त्याच वेळी इंजिन काय करतं ते पाहा. साठच्या वेगाला टॉप गिअरमध्ये असं इंजिन मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे घेत असतं, म्हणजे सेकंदाला ८३. चाकाचे नऊ आणि इंजिनाचे त्र्याऐंशी. दोन्ही थरथरी त्याच हँडलमधून त्याच हातांत येतात, पण त्यांची गल्लत होऊ नये अशी सोय आपल्या कातडीतच आहे. बोटांच्या टोकांत मेइसनर नावाचे स्पर्शग्राहक असतात. सेकंदाला दहा ते पन्नासच्या आसपासची फडफड ते टिपतात. त्याहून जलद कंपनं टिपायला पॅसिनी नावाचे ग्राहक असतात, जे सेकंदाला अडीचशेच्या सुमारास सगळ्यांत तल्लख असतात. म्हणून चाकाची खोट हाताला 'हलल्यासारखी' जाणवते आणि इंजिनाची थरथर 'मुंग्या आल्यासारखी'. हात बधिर होत असतील तर इंजिनाकडे पाहा, हँडल डोळ्यांना हलताना दिसत असेल तर चाकाकडे.

वीस ग्रॅमचे अडीच किलो

फिरत्या चाकातलं वजन आपण तराजूवर पाहतो तेवढं राहत नाही. ते केंद्रापासून बाहेर पळू पाहतं, आणि वेग दुप्पट झाला की त्याची ओढ चौपट होते. रिमच्या एका बाजूला २० ग्रॅम जास्त आहेत असं धरू. ताशी ४० ला ते वजन चाकाला सव्वासहाशे ग्रॅमच्या जोरानं ओढतं. ताशी ८० ला तेच २० ग्रॅम अडीच किलोचा जोर लावतात. ही ओढ एका दिशेला टिकत नाही. ती आता वर, मग पुढं, मग खाली, मग मागं अशी सेकंदाला बारा वेळा फिरत राहते.

वीस ग्रॅम कुठून येतात? पावसाळ्यात चोपडा, अमळनेर, शिंदखेड्याकडच्या शेतरस्त्यानं गाडी काढून बघा. काळी माती ओली झाली की फुगते आणि धरली ती जागा सोडत नाही. अलॉय चाकाची दांडी रिमला जिथं मिळते तिथं आतल्या बाजूला एक कोपरा असतो. त्यात चिखल बसतो, दोन दिवसांच्या उन्हात वाळून टणक होतो आणि रिमच्या काळ्या रंगात दिसेनासा होतो. धुताना पाण्याचा फवारा बाहेरून मारला जातो, आतला कोपरा तसाच राहतो. दोन-सव्वादोन सेंटिमीटरचं ते ढेकूळ वीस ग्रॅमच्या घरात जातं. पेचकसानं ते उकरून काढलं की गाडी शांत होते. नव्या गाडीवर शेतावर एक फेरी झाली असेल, तर पैसे खर्च करण्याआधी बोट फिरवून रिमची आतली बाजू तपासावी.

फिरत्या वजनाचा हा धडा भुसावळला फार जुना आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात तिथल्या शेडमध्ये येणाऱ्या मोठ्या चाकांवर चंद्रकोरीच्या आकाराचा लोखंडी तुकडा बसवलेला असे. दांड्यांच्या वजनाची भरपाई तो करायचा. ती भरपाई नीट झाली नाही तर प्रत्येक फेऱ्याला रुळावर घणाचे घाव बसत. मोटरसायकलच्या रिमवर चिकटवलेली पाच-दहा ग्रॅमची पट्टी त्याच तत्त्वावर काम करते.

आखाजीचा झोका

मग प्रश्न पडतो की थरथर साठलाच का? वजनाची ओढ वेगासोबत वाढतच जाते, तर ऐंशीला थरथर जास्त व्हायला हवी. पुष्कळ गाड्यांत होतं उलटं. ५५-६० ला हँडल हलतं आणि ७५ ला शांत होतं. या कोड्याचं उत्तर फार सुंदर आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसतात. झोक्याला त्याची स्वतःची लय असते. त्या लयीत हलका हात लावला तरी तो उंच जातो, आणि लय चुकवून कितीही जोर लावला तरी रेंगाळतो. मोटरसायकलच्या पुढच्या भागालाही अशी स्वतःची लय असते. हँडल, शॉकप आणि चाक मिळून जो भाग कोनसेटच्या (हँडलच्या सांध्यातल्या बेअरिंगच्या) गोळ्यांवर डावीकडे-उजवीकडे वळतो, तो मोकळा सोडला तर साधारणपणे सेकंदाला सहा ते दहा वेळा हेलकावतो. ताशी ४० ते ७० या टप्प्यात चाकाचे फेरेही नेमके सेकंदाला सहा ते साडेदहा होतात. दोन्ही आकडे जुळले की चाकातली किरकोळ खोट वेळेवर हात लावत जाते आणि हँडलचं हेलकावणं वाढतं. वेग पुढं गेला की जुळणी मोडते. खोट तिथंच असते, तिचा नेम चुकतो इतकंच.

हे समजायला माणसाला बरीच वर्षं लागली. १८९९ साली केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपल यांनी सायकलच्या तोलाची समीकरणं मांडली. १९७१ साली ब्रिटिश अभियंते रॉबिन शार्प यांनी मोटरसायकलच्या डगमगण्याचं गणित सोडवलं. त्यातून दिसलं की गाडी मुख्यतः तीन प्रकारे तोल सोडू शकते. पहिल्यात ती सावकाश कलंडते. दुसऱ्यात सगळी गाडी सेकंदाला दोन-चार वेळा नागमोडी हलते. तिसऱ्यात फक्त पुढचा भाग सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरतो. पण शार्प यांच्या पहिल्या गणितानुसार तिसरी थरथर वेगासोबत वाढायला हवी होती, आणि रस्त्यावर तर ती मधल्याच वेगाला दिसत होती. १९८० च्या सुमारास शॉकपची आणि सांगाड्याची आडवी लवचिकता हिशोबात धरली, तेव्हा गणित आणि रस्ता यांचा मेळ बसला. लोखंडाचा पाइप केसभर वाकतो, आणि त्या केसभरामुळे गाडी कोणत्या वेगाला थरथरेल हे ठरतं.

या गणितातून हातात एक हत्यार येतं. समजा टायर एका जागी न फुगता लंबगोल झाला आहे, म्हणजे समोरासमोर दोन उंचवटे आहेत. मग एका फेऱ्यात दोन धक्के बसतील. सेकंदाला नऊ धक्क्यांची जुळणी आता ताशी साठऐवजी तीसलाच होईल. म्हणून थरथर तीसच्या आसपास येत असेल तर लंबगोल टायरचा संशय घ्यावा, साठला येत असेल तर एका जागच्या खोटीचा.

आधी रस्त्यावर, मग स्टँडवर

निदानाची पहिली पायरी रस्त्यावरच होते. सरळ, कोरडा, मोकळा रस्ता बघा. थरथर येते त्या वेगाला जा आणि क्लच दाबून थ्रॉटल सोडा. इंजिन एकदम आयडलवर येतं, चाकं मात्र त्याच वेगानं फिरत राहतात. थरथर थांबली तर ती इंजिनाची होती. चालूच राहिली तर ती चाकाची किंवा हँडलच्या सांध्याची. दुसरी खूण गिअरची. तोच वेग तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये धरून पाहा. गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर इंजिन, नाही बदलली तर चाक. हे सगळं दोन्ही हात हँडलवर ठेवूनच करायचं. हात सोडून हँडल किती हलतं ते पाहण्याची काहींना हौस असते. ती जिवावर बेतू शकते, आणि हात न सोडताही निदान पूर्ण होतं.

तिसरी खूण ब्रेकची. फक्त पुढचा ब्रेक दाबल्यावर हँडल हलत असेल, तर चाकाचा तोल सोडून ब्रेककडे वळावं. डिस्क प्लेट किती वाकडी चालेल याची मर्यादा बहुतेक गाड्यांत मिलिमीटरच्या एक दशांश ते तीन दशांश इतकी बारीक असते. प्लेटची जाडी एके ठिकाणी जराशी कमी-जास्त असली तरी पॅड तिला एका फेऱ्यात एकदा जास्त धरतात. ड्रम ब्रेक असेल तर ड्रम गोल नसण्याचा प्रकार तसाच जाणवतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. एबीएसच्या गाडीवर जोरात ब्रेक मारला की लीव्हर बोटांखाली धडधडतं. ती यंत्रणा आपलं काम करत असते, त्याला बिघाड समजू नये.

यानंतर गाडी डबल स्टँडवर घ्यायची. कुणाला तरी मागच्या बाजूला भार द्यायला सांगितलं की पुढचं चाक जमिनीवरून उचललं जातं. इथून पुढचं काम हातांचं आणि डोळ्यांचं.

टायरवरची बारीक रेघ

नव्या चाकाच्या तपासणीचा क्रम ठरलेला असावा. हवा, मग टायरची बैठक, मग गोलाई, आणि तोल सगळ्यांत शेवटी.

हवा गाडी थंड असताना सकाळी तपासायची. तापमान १० अंशांनी वाढलं की २५ पीएसआयच्या टायरमधला दाब साधारण सव्वा पीएसआयनं वाढतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ ला टेकतो आणि डांबर त्याहून तापतं. दुपारी टायर सकाळपेक्षा तीस-पस्तीस अंशांनी गरम असला तर गेज चार पीएसआय जास्त दाखवणार. त्या वेळी हवा काढून आकडा जुळवला तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेला असतो. नवी गाडी ट्रकमधून येताना टायरमध्ये जास्त हवा भरलेली असू शकते, आणि शोरूममधून निघताना ती कमी करायची राहून जाते. फुगलेला टायर रस्त्याचा प्रत्येक खडा हँडलपर्यंत आणतो. किती हवा हवी तो आकडा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो.

मग बैठक. टायरच्या बाजूवर, रिमच्या कडेपासून काही मिलिमीटर वर, रबरात एक बारीक उठावाची रेघ चहूकडून गेलेली असते. ती रेघ पुष्कळांनी कधी पाहिलेलीच नसते. चाक सावकाश फिरवत रेघ आणि रिमची कड यांतलं अंतर बघत जा. ते सगळीकडे सारखं असलं पाहिजे. एखाद्या वितीभर भागात रेघ रिमखाली बुडालेली दिसली, तर तिथं टायर पुरता बसलेला नाही. तेवढ्या भागात चाकाची त्रिज्या कमी भरते, आणि नव्या गाडीच्या थरथरीचं कारण पुष्कळदा इथंच सापडतं. उपाय स्वस्त आहे. हवा काढायची, कडेला साबणाचं पाणी लावायचं आणि पंक्चरवाल्याकडून टायर पुन्हा बसवून घ्यायचा.

तिसरी तपासणी गोलाईची. शॉकपच्या पायाला एक पेन्सिल टेपनं अशी बांधा की तिचं टोक रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर राहील. चाक फिरवा आणि टोक व रिम यांतली फट पाहा. ती कमी-जास्त होत असेल तर रिम 'आउट' आहे. दुरुस्तीच्या पुस्तिकांत वर-खाली आणि डावी-उजवीकडे साधारण २ मिलिमीटरपर्यंतची कमाल मर्यादा दिलेली असते, पण नव्या गाडीचं चाक त्या मर्यादेच्या पुष्कळ आत असायला हवं. हीच पेन्सिल टायरच्या माथ्यावर धरून टायरचीही गोलाई पाहता येते.

गोलाई तोलाच्या आधी का, हेही आकड्यांतच कळतं. असा टायर एक मिलिमीटर दाबायला साधारण दहा-पंधरा किलोचा भार लागतो. म्हणजे टायर एका जागी मिलिमीटरभर उंच असेल, तर प्रत्येक फेऱ्यात तेवढ्या भाराचा चढउतार होणार. वीस ग्रॅम वजनाची ओढ ऐंशीच्या वेगालाही अडीच किलोच्या वर जात नाही. गोल नसलेल्या चाकाला कितीही वजनं चिकटवली तरी थरथर जात नाही, याचं कारण हेच आहे.

तारांच्या चाकात रिमचं आउट निप्पल कसून-सैल करून काढता येतं. तारा ताणलेल्या असतात आणि रिमला सगळीकडून आत ओढून धरतात. चाकाला दाबाऐवजी ताणावर उभं करण्याची ही कल्पना १८०८ साली जॉर्ज केली यांना सुचली होती. नव्या चाकात पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये तारा आपापल्या जागी बसतात आणि थोड्या सैल पडतात. प्रत्येक तारेवर पान्यानं हलकी टिचकी मारत गेलं की सैल तार बद्द वाजते. अलॉय चाकात अशी सोय नाही. ते वाकलेलं निघालं तर हातोडीनं ठोकून घेऊ नये, कारण ओतीव धातूला तडा जातो. नव्या गाडीत ते वॉरंटीत बदलून मागावं.

आणखी एक गोष्ट गोदामातून येते. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांच्या टायरमध्ये नायलॉनचे धागे असतात. पट्ट्यांनी करकचून बांधलेली गाडी ट्रकमध्ये, आणि नंतर यार्डातल्या उन्हात, आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभी राहिली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि नायलॉन तो आकार धरून ठेवतं. याची ओळख सोपी आहे. सकाळी पहिल्या काही किलोमीटरमध्ये हँडल थडथडतं, आणि टायर गरम झाला की आपोआप थांबतं. रोजच्या वापरात हा चपटेपणा बहुधा निघून जातो.

हे सगळं झाल्यावर तोल. चाक काढून एक्सलवर मोकळं टांगलं की जड बाजू हळूच खाली येऊन थांबते. तिथं खडूची खूण करायची, चाक पाव फेरा फिरवून सोडायचं आणि तीच बाजू पुन्हा खाली येते का ते पाहायचं. आली तर तिच्या समोर पाच-पाच ग्रॅमची वजनं लावत जायचं. चाक कुठंही सोडलं तरी तिथंच थांबायला लागलं की तोल साधला. काही टायरांवर रंगाचा ठिपका असतो. तो टायरची हलकी जागा दाखवतो आणि व्हॉल्व्हशेजारी बसवायचा असतो, म्हणजे व्हॉल्व्हचं वजन त्याची भरपाई करतं.

चाक निर्दोष असलं तरी

चाक सरळ, गोल आणि तोलात आहे, तरीही हँडल हलतं, असंही होतं. मग झोक्याची दोरी तपासावी लागते, म्हणजे हँडलचा कोनसेट. चाक उचललेलं असताना दोन्ही शॉकपचे पाय धरून पुढं-मागं हलवा. वरच्या बाजूला 'टक' असा धक्का जाणवला तर कोनसेट सैल आहे. नव्या गाडीत गोळ्या आपल्या जागेवर बसत जातात, म्हणून पहिल्या सर्व्हिसमध्ये कोनसेट तपासून घेणं फार महत्त्वाचं असतं. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्ये कुठं अडखळलं तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. फार कसलेला कोनसेटही वाईटच. तो हँडलला आपोआप मधे येऊ देत नाही आणि कमी वेगाला गाडी डुलते.

पुढचं चाक वर-खाली धरून आडवं हलवलं आणि ते खुळखुळलं, तर चाकाचं बेअरिंग किंवा सैल एक्सल. एक्सल कसण्यातली एक चूक नव्या गाडीतही राहू शकते. दोन्ही शॉकप एकमेकांशी समांतर नसताना नट कसला गेला तर ते किंचित पिळलेले राहतात. यावर मेकॅनिक एक्सल सैल करतो, पुढचा ब्रेक धरून शॉकप चार-सहा वेळा दाबतो आणि मग पुस्तिकेतल्या क्रमानं पुन्हा कसतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यानं हँडल शांत झाल्याची उदाहरणं गॅरेजागणिक सापडतात.

गाडीवरचा भारही विसरू नये. मागं दुधाचे कॅन किंवा खताचं पोतं लादलं की पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि निर्दोष गाडीचंही हँडल हलकं होऊन हेलकावतं. तपासणीची फेरी रिकाम्या गाडीवर, एकट्यानं मारायची. रस्ताही पाहायचा. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात. साठच्या वेगाला त्यांचे धक्के सेकंदाला पावणेचार बसतात. हा ठेका चाकाच्या नऊशी जुळत नाही, म्हणून थोडं लक्ष दिलं की वेगळा कळतो. थरथर ठरावीक पट्ट्यातच येत असेल आणि पुढं डांबरावर थांबत असेल, तर गाडीचा काही दोष नाही.

ज्यांना आकडा डोळ्यांनी पाहायचा आहे, त्यांच्या खिशातच यंत्र आहे. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये प्रवेग मोजणारी चिप असते. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं २०१६ साली फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप काढलं. ते या चिपची नोंद घेऊन कोणत्या ठेक्याचं कंपन किती, याचा आलेख काढतं. कोणतंही गुंतागुंतीचं कंपन साध्या लयींची बेरीज म्हणून मांडता येतं, हे फ्रेंच गणिती फूरिये यांनी उष्णतेवरच्या १८२२ च्या ग्रंथात दाखवलं. त्याच रीतीवर तो आलेख निघतो. फोन टाकीवर घट्ट बांधा, निघण्यापूर्वी नोंद सुरू करा आणि घरी आल्यावर पाहा. ताशी साठला नऊच्या जागी टोक आलं असेल तर ते पुढच्या किंवा मागच्या चाकाचं. फोन तिथं कायमचा लावून ठेवू नका. इंजिनाच्या तीव्र थरथरीनं कॅमेऱ्याची स्थिरता राखणारा भाग बिघडू शकतो, अशी सूचना अ‍ॅपलनं २०२१ मध्ये दिली आहे.

इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा चाचणी मार्ग २०२१ साली सुरू झाला. अशा ठिकाणी नव्या मॉडेलच्या मोजक्या गाड्या कसून तपासल्या जातात. तुमच्या हातात आलेली गाडी मात्र त्या मॉडेलची एक वेगळी प्रत असते. तिचा टायर वेगळ्या साच्यातून निघालेला, वेगळ्या हातांनी बसवलेला, आणि तिचा एक्सल वेगळ्या पाळीत कसलेला. म्हणून 'नवीन आहे, आपोआप सेट होईल' हे उत्तर चपट्या टायरपुरतं खरं आहे. न बसलेला टायर, वाकडी रिम, सैल कोनसेट आणि पिळलेले शॉकप आपोआप बरे होत नाहीत. उलट सैल कोनसेट रोज वाटीला खड्डे पाडत जातो आणि खर्च वाढवतो.

तेव्हा सर्व्हिसला गाडी टाकताना नुसतं 'हँडल हलतं' असं सांगू नका. चार गोष्टी जॉब कार्डवर लिहून घ्या. थरथर कोणत्या वेगाला सुरू होते आणि कोणत्या वेगाला थांबते, क्लच दाबल्यावर राहते की जाते, ब्रेक मारल्यावर वाढते का, आणि गाडी थंड असताना व गरम झाल्यावर काय फरक पडतो. कार्डाची प्रत जपून ठेवा, वॉरंटीच्या वेळी तीच कामी येते. या चार उत्तरांवर जाणत्या मेकॅनिकचं अर्धं काम होऊन जातं. आणि तो लगेच वजनं चिकटवायला निघाला, तर त्याला थांबवून आधी टायरवरची ती बारीक रेघ पाहायला सांगा.